गाळात राहिलेली वाक्ये

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता पंचफुला गावंडे आपल्या पतीस म्हणाली, "सायंप्रकाशी चित्त प्रसन्न होते."

खिडकीबाहेर ऊन चांगलेच तापले होते. अंगणातल्या निंबाची सावली आक्रसून बुंध्याशी येऊन बसली होती. गुणवंतराव संत्र्याची फोड चमच्यात पिळत होते. सवयीप्रमाणे त्यांनी मान डोलावली. "खरे आहे," ते म्हणाले आणि रसाचा चमचा पत्नीच्या ओठांशी नेऊ लागले. तो हात मध्येच थांबला.

हे वाक्य त्यांनी कोठेतरी पाहिले होते. कोणत्या पुस्तकात बरे? नगरपरिषदेच्या वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षे शिपायाची नोकरी केली होती. पुस्तके झटकता झटकता त्यांनी ती सारी वाचून काढली होती, त्यामुळे एखादे वाक्य कोणत्या कपाटातले हे त्यांना बहुधा आठवे. या वाक्यासाठी त्यांनी मनातल्या मनात सारी कपाटे उघडून पाहिली. आणि मग एकाएकी त्यांना आठवले. ते वाक्य कोणत्याही पुस्तकातले नव्हते. दहा महिन्यांपूर्वी, परतवाड्यातल्या घरी, चष्मा पुसून पुसून ते त्यांनी स्वतः रचले होते.

"आपण रस घ्यावा. थकला असाल," पंचफुलेच्या गळ्यातून आवाज आला. तिचे ओठ हलले नव्हते. ते हलणे शक्यच नव्हते.

हा काय प्रकार होता, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

गुणवंत गावंडे यांचे शिक्षण आठवीपर्यंत झालेले आणि पंचफुलेचे चौथीपर्यंत. आजीचे नाव तिला ठेवलेले, आणि बोलणेही आजीचेच: ठसठशीत वऱ्हाडी, हिरव्या मिरचीसारखे. ती परतवाड्यास सून म्हणून आली तेव्हा त्या घरात एक खोली, एक स्वयंपाकघर आणि नऊ माणसे होती. सासू-सासरे, दीर, नणंदा. पती-पत्नीस एकमेकांशी दोन शब्द खाजगीत बोलायचे तर घरात तसा कोपरा नव्हता.

तेव्हा पंचफुलेने युक्ती काढली. लहान मुले खेळताना च-ची भाषा बोलतात, हे सर्वांस ठाऊक आहे. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि त्याच्या जागी, काना-मात्रा तशीच ठेवून, 'च' बसवायचा. 'घरी'चे 'चरीघ' होते. पण ती भाषा धाकट्या नणंदेसही येत होती. म्हणून पंचफुलेने 'च' काढून 'ट' घेतला आणि इतक्या वेगाने बोलण्याचा सराव केला की ऐकणाऱ्यास वाटावे, सुनेला उचकी लागली आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी, भरल्या पंगतीत, नवऱ्याच्या ताटात वाढता वाढता ती पुटपुटली, "टाजीतभ टीठम टाहीन."

भाजीत मीठ नाही. भाजी सासूबाईंनी केली होती. गुणवंतरावांना असा ठसका लागला की सासऱ्यांनी पाठीवर थापा मारल्या.

पुढे ते वेगळे राहिले, कन्या झाली, तिचे लग्न झाले, तरी ती ट-ची भाषा घरातून गेली नाही. आणि उतारवयात तिला एक नवा सोबती मिळाला. कोण्या हौशी माणसाने इंटरनेटवर 'गंमतभाषा' नावाचे एक पान केले होते. त्यात एक चौकट, अक्षर निवडण्याची एक यादी, आणि दोन बटणे: 'उलटव' आणि 'सुलटव'. चौकटीत काहीही टाकावे, 'उलटव' दाबावे, की सारा मजकूर गंमतभाषेत जाई. 'सुलटव' दाबावे, की परत येई. कोपऱ्यात एक हिरवा पोपट होता. प्रत्येक वेळी तो पंख फडफडवून म्हणे, "वाहवा! अजून एक होऊन जाऊ द्या!"

पती-पत्नींनी त्या पानात काय काय घातले! पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची नगरपरिषदेची सूचना. वर्तमानपत्रातले राशिभविष्य. जावयाच्या भावाची, पदव्यांनी खच्चून भरलेली लग्नपत्रिका. गुणवंतराव तो उलटा मजकूर गंभीर मुद्रेने, सभेत वाचावा तसा वाचत, आणि पंचफुला पदर तोंडात कोंबून म्हणे, "पुरे हो आता! बरगड्या दुखून राह्यल्या माह्या!"

पोपट म्हणे, "अजून एक होऊन जाऊ द्या!"

"पाह्यलं? त्या पाखराले तुमच्याहून जास्त अक्कल आहे," असे म्हणून ती दुसरा कागद पुढे करी.

गेल्या डिसेंबरात पंचफुलेच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. उजवे अंग गेले, जीभ आणि ओठ गेले, आणि मेंदूत जेथे वाक्ये जुळतात तो भाग जवळजवळ संपूर्ण गेला. डोळे राहिले. ते सर्व काही पाहत, ऐकत आणि समजत आहेत, असे वैद्यांचे म्हणणे होते.

अमरावतीच्या वाटेवर 'पुनर्वाणी' नावाचे एक केंद्र होते. तेथे अशा रुग्णांच्या गळ्यात एक पट्टी बांधीत. तीन बोटे रुंद, राखेच्या रंगाची, पुढे एक हिरवा दिवा. त्या पट्टीमागचे विज्ञान तेथील वाचातज्ज्ञ शर्वरी देशकर यांनी गुणवंतरावांना फार सोप्या शब्दांत सांगितले होते.

"काका, माणूस बोलू शकला नाही तरी बोलायचा प्रयत्न करतोच. तेव्हा घशाच्या स्नायूंना अगदी सूक्ष्म विजेचा इशारा जातो. पट्टी तो इशारा पकडते. पण तो फार पुसट असतो, पावसात भिजलेल्या पत्रासारखा. मग यंत्र अंदाज करतं. या बाई एरवी कसं बोलायच्या? कोणतं वाक्य या पुसट खुणांशी जुळेल? जे सर्वांत संभाव्य, ते यंत्र मोठ्याने बोलतं."

"आणि जे जुळत नाही ते?"

"ते गाळात जातं. खोकला, आवंढा, घशातली थरथर असं काहीबाही असतं. वर्षभर साठवतो, मग पुसून टाकतो."

"म्हणजे यंत्रास हिचे बोलणे आधी शिकवावे लागेल," गुणवंतराव म्हणाले.

"अगदी बरोबर. त्याला आम्ही भाषाठसा म्हणतो. काकूंच्या नेहमीच्या बोलण्याचे नमुने द्या. वीस हजार शब्द. फोनवरचे निरोप, चिठ्ठ्या, काहीही. जसंच्या तसं."

वाचकहो, ही गोष्ट येथे घडली. यंत्र बिघडले नाही, कोणी फसवणूक केली नाही. एका माणसाने प्रेमाने आणि लाजेने एक काम केले, एवढेच.

गुणवंतरावांच्या फोनमध्ये पत्नीचे शेकडो ध्वनिनिरोप होते. ते ऐकत ते कागद-पेन घेऊन बसले. पहिलाच निरोप होता: "अवो, येतानी मिरच्या आना पावभर. अन् पुस्तकात तोंड खुपसून बसू नका, सहा वाजले!" गुणवंतरावांचे डोळे भरून आले. मग त्यांच्या मनात विचार आला, हे केंद्रातली शिकलेली माणसे ऐकतील. तिला अडाणी समजतील. आयुष्यभर बिचारी चार माणसांत बोलण्यास संकोचली. 'मी येतो, मी जातो' अशी आमच्याकडच्या बायकांची बोली ऐकून एकदा बँकेतली बाई हसली होती, तेव्हापासून ती बँकेत गेली नाही. आता परमेश्वराने तिला नवी वाणी देऊ केली आहे. ती तरी चांगली असावी.

त्यांनी लिहिले: "अहो, येताना आपण पावशेर मिरच्या आणाव्यात. वाचनात मग्न होऊन वेळेचे भान हरपू नये."

एकोणीस दिवस ते हेच करीत होते. एकेक निरोप त्यांनी दागिना उजळावा तसा उजळला. जेथे ती नुसतीच हसली होती, तेथे त्यांनी स्वतः रचून एखादे शोभेलसे वाक्य घातले. 'सायंप्रकाशी चित्त प्रसन्न होते' हे त्यांपैकीच. आणि ट-च्या भाषेतले जे पाच-पन्नास निरोप होते, ते त्यांनी बाजूस काढले. साठी उलटलेल्या दांपत्याचा तो पोरकटपणा. तो शास्त्रज्ञांस काय दाखवायचा?

कन्या ज्योत्स्ना नागपुरास वीजबसच्या आगारात कामास होती. तिने ते कागद वाचले तेव्हा म्हणाली, "बाबा, ही कोन बाई व्हय?"

"तुझी आई."

"आई असं बोलन तर मी बसच्या चाकाखाली डोकं देईन. 'आणाव्यात' म्हने!"

"तुला नाही समजायचे ते," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी कागद दिले.

जानेवारीच्या शेवटी पट्टी बांधली. दोन दिवसांनी तिच्यातून बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा स्वच्छ आवाज आला, "आपण आलात, बरे वाटले." गुणवंतराव तेथेच खुर्चीवर बसून हुंदके देऊन रडले. केंद्राच्या नियमाप्रमाणे तेही तिच्याशी शुद्ध, पूर्ण वाक्यांत बोलू लागले. यंत्राला त्याने मदत होते, असे भिंतीवर लिहिले होते. त्यांना ते जडही गेले नाही. वास्तविक त्यांना ते आवडले.

एप्रिलात उपचार संपले आणि प्रश्न उभा राहिला: घरी न्यायचे, की केंद्राच्याच शुश्रूषागृहात ठेवायचे? गुणवंतरावांची कंबर मोडकळीस आलेली, घरात उचलायला दुसरे माणूस नाही. तथापि न्यायचीच, असे त्यांनी ठरवले होते. शर्वरीबाई म्हणाल्या, "काकूंनाच विचारू या ना. आता त्या बोलतात."

गुणवंतरावांनी विचारले. हिरवा दिवा लुकलुकला, बराच वेळ लुकलुकला. मग आवाज आला, "मी येथे समाधानी आहे. आपल्याला माझ्यामुळे त्रास होऊ नये."

त्या क्षणी त्यांना दुःख झाले, हे खरे. पण दुःखाच्या तळाशी, कोणास सांगता येणार नाही असे एक हायसे वाटणेही होते. त्यांनी संमतीपत्रावर सही केली आणि ते दर गुरुवारी भेटीस येऊ लागले.

नंतर काही आठवड्यांनी ती गप्प गप्प राहू लागली. दिवा लुकलुके, पण आवाज येत नसे. समोरासमोर तासभर बसून ती शांतता त्यांना सोसवेना. त्यांनी तक्रार केली तेव्हा शर्वरीबाई म्हणाल्या, "संवाद-सातत्य वाढवता येईल. म्हणजे खूण अगदी पुसट असली तरी यंत्र वाक्य पूर्ण करेल. पण काका, एक सांगते, खूण जितकी कमी, तितका अंदाज जास्त. हे समजून सही करा."

"ती बोलू दे हो," गुणवंतराव म्हणाले. जूनमध्ये त्यांनी दुसरी सही केली. त्यानंतर पंचफुला भरभरून बोलू लागली.

त्या गुरुवारी संत्री तशीच ठेवून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि त्यांनी ज्योत्स्नेस फोन लावला.

"तुझ्याशी ती काय बोलते?"

"कोन, पट्टी?"

"ज्योत्स्ना!"

"बाबा, राग नका येऊ देऊ. मांगच्या महिन्यात मी आली होती ना, तवा मले म्हने, 'बाळ, तुझी प्रकृती सांभाळ.' आईनं मले जन्मात बाळ नाही म्हटलं. कार्टे म्हनते ते मले. मी त्या रोजी गाडीत बसून लय रडली. तुमाले काहून सांगू? तुमी त खुश होते."

गुणवंतरावांनी फोन बंद केला. ते तडक शर्वरीबाईंच्या खोलीत गेले.

"मला गाळ हवा आहे."

"काका, तो कचरा असतो हो."

"माझ्या पत्नीच्या घशातून निघालेला आहे ना? मग मला द्यावा."

त्यांचा चेहरा पाहून बाईंनी पुढे वाद घातला नाही. नऊ महिन्यांचा गाळ त्यांच्या फोनमध्ये आला. यंत्राने जे ध्वनी टाकून दिले होते, ते त्याने प्रामाणिकपणे अक्षरांत नोंदवून ठेवले होते, प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ. एकंदर अकराशे बेचाळीस ओळी.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी पहिली ओळ वाचली. एकतीस जानेवारी, दुपारी साडेबारा, भोजनसमय.

"टाजीतभ टीठम टाहीन."

त्यांनी डोळे मिटले. उघडले. ओळ तेथेच होती.

मेंदूतली वाक्यांची जागा नष्ट झाली तरी गाणी, अंगाईगीते, खेळातले बोल बहुधा शाबूत राहतात, कारण ते दुसऱ्या बाजूला, तालाच्या शेजारी साठवलेले असतात. हे शर्वरीबाईंनी नंतर सांगितले. शपथेवर सांगितले की असे काही राहिले असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. कारण भाषाठशात त्याचा एकही नमुना नव्हता. पंचफुलेची सारी मराठी गेली होती. चाळीस वर्षांचा खेळ तेवढा उरला होता, आणि ती त्या खेळातून जीव तोडून बोलत होती.

गुणवंतरावांस ती भाषा वाचता येत नव्हती असे नाही. पण आपले डोळे खोटे ठरावेत, म्हातारपणाचा हा भास असावा, अशी एक वेडी आशा त्यांना वाटली. त्यांनी फोनवर ते जुने पान उघडले. वर्षभर ते उघडले नव्हते. अक्षरांच्या यादीत 'ट' तसाच निवडलेला होता. पानाने लक्षात ठेवले होते. त्यांनी दुसरी ओळ चौकटीत टाकली आणि 'सुलटव' दाबले.

"हे कोन बोलून राह्यलं?"

पोपटाने पंख फडफडवले. "वाहवा! अजून एक होऊन जाऊ द्या!"

तीन फेब्रुवारी. "हे बाई कोन व्हय? मी नाही बोलली."

"वाहवा! अजून एक होऊन जाऊ द्या!"

नऊ फेब्रुवारी. "तिचं नका आयकू. माह्याकडं पाहा."

गुणवंतरावांना आठवले. त्यांचे लक्ष तिच्या डोळ्यांकडे कधी नसे. ते पट्टीवरच्या हिरव्या दिव्याकडे असे. दिवा लागला की ते आनंदाने पुढे सरकत.

मग ते थांबलेच नाहीत. दवाईनं तोंड कडू झालं, गूळ आना. ते ढोली नर्स केस ओढते. आज आले का? तुमचे केस वाढले, कापून घ्या. ज्योत्स्ना बारीक दिसून राह्यली. माह्या पायाले मुंगी चावते, झाडा ना. मुंगी गेली. बोला. आपलं बोला. बोला ना आपलं. मधूनच एखादी चेष्टा: सामनेवाल्या पलंगावरचा म्हातारा तुमच्यावानीच घोरते.

सतरा एप्रिल. गुणवंतरावांचे बोट बटणावर अडले. त्या दिवशी त्यांनी तिला विचारले होते: येथे राहशील, की घरी येशील? गाळात एकाखाली एक, चौदा वेळा, तेच शब्द होते.

"टलेम टरीघ टान्य."

हे त्यांनी पानात टाकले नाही. पोपटाला ते सांगवेना. मले घरी न्या. चौदा वेळा ती म्हणाली, आणि पंधराव्या वेळी त्या स्वच्छ आवाजाने सांगितले की ती समाधानी आहे. ते वाक्यही, आता त्यांना आठवले, त्यांनीच लिहिलेले होते. एका निरोपात तिने म्हटले होते, "मी मजेत आहो, तुमी माही फिकर नका करू." ती तेव्हा माहेरी गेली होती, दोन दिवसांसाठी.

जूननंतरच्या ओळी विरळ होत गेल्या. आवाज भरभरून बोलत होता आणि त्याच्याखाली ती कमी कमी होत चालली होती. शेवटची ओळ बावीस सप्टेंबरची. गुरुवार, सकाळी सव्वाअकरा. म्हणजे ते समोर बसलेले असताना.

"टुललेभ टाक?"

भुलले का?

विसरलात का, असे ती विचारत होती. त्यापुढे रोज एकच नोंद होती: संकेत नाही. संकेत नाही. संकेत नाही. बावीस सप्टेंबरनंतर गुणवंतराव आजचा धरून सहा गुरुवार आले होते. सहाही गुरुवारी तिने त्यांची विचारपूस केली होती, पुस्तकांविषयी विचारले होते, एकदा तर त्यांच्या नव्या सदऱ्याची वाखाणणी केली होती. सहा गुरुवार ते अगदी तृप्त मनाने घरी गेले होते. या सहा गुरुवारी ते कोणाशी बोलत होते?

ते उठले. कंबर धरून, भिंतीचा आधार घेत, खोलीत आले. पंचफुला उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत होती. त्यांनी तिच्या मानेमागचे बंद सोडले आणि पट्टी मागच्या टेबलावर टाकली. शर्वरीबाई धावत आल्या. "काका, अहो काका, असं एकदम नको..."

"ही बोलत नाही," गुणवंतराव म्हणाले. "बाईसाहेब, ही बावीस सप्टेंबरपासून बोलत नाही. तुम्ही कोणी पाहिले नाही. मीही पाहिले नाही."

शर्वरीबाईंनी नोंदी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. बहुधा दुसरा, छोटा आघात. किंवा तिने प्रयत्नच सोडला असेल. यंत्राला त्यातला फरक कळत नाही. "सातत्य पूर्ण वाढवलेलं होतं, त्यामुळे आवाज चालू राहिला, आणि मग कोणालाच शंका आली नाही," त्या अस्फुट स्वरात म्हणाल्या. "मला तरी शंका यायला हवी होती."

पट्टी जेथे होती तेथे पंचफुलेच्या गळ्यावर एक पांढुरका पट्टा उमटला होता. गुणवंतरावांनी तोंड तिच्या कानाशी नेले. चौतीस वर्षे ज्या माणसाने वाचनालयात कधी आवाज चढवला नव्हता, तो माणूस दोन परिचारिका, एक वाचातज्ज्ञ आणि समोरच्या पलंगावरचा घोरणारा म्हातारा यांच्यादेखत, मोठ्याने म्हणाला, "टाहीन, टुलाफ! टाहीन टुललोभ!"

नाही, फुला. नाही भुललो.

परिचारिकांनी एकमेकींकडे पाहिले. पंचफुलेचे डोळे छतावरून हलले नाहीत. त्यांनी पुन्हा म्हटले. पुन्हा म्हटले. आणि तेव्हा, त्या खोलीतल्या सर्वांनी ऐकले, मागच्या टेबलावरून तो स्वच्छ, मंजुळ आवाज आला:

"मी ठीक आहे. आपण जपून जावे."

टेबलावर रिकामी पट्टी पडली होती. तिच्यात गळा नव्हता. कोणाच्या तरी पावलांनी टेबल हादरले असेल, तेवढ्या थरथरीवर तिने अंदाज केला होता. हिरवा दिवा लागलेला होता.

"बंद करा ते," गुणवंतराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या तोंडून वाक्य पुरे झाले नाही. "बाईसाहेब, ते बंद..."

दुसऱ्याच दिवशी ज्योत्स्ना रजा टाकून आली आणि बापलेकींनी पंचफुलेला परतवाड्यास आणले. रुग्णवाहिकेतून उतरवताना ज्योत्स्ना रडत आणि भांडत होती. "हळू धरा, बाबा! कंबर मोडून घेता काय? मंग दोघायले मीच उचलू?" पंचफुलेचा पलंग खिडकीशी लावला. वैद्य येऊन गेले. ते म्हणाले, ऐकू येत असेल. समजत असेल की नाही, हे सांगता येत नाही.

त्या दुपारपासून गुणवंतरावांनी एक काम हाती घेतले. गाळातली एकेक ओळ ते क्रमाने वाचतात, आणि तिचे उत्तर देतात. शुद्ध भाषेत नव्हे. एका दिवसात पन्नास-साठ ओळी होतात.

ती जेथे मीठ नाही म्हणाली आहे, तेथे ते उठून चिमूटभर मीठ पाण्यात कालवून तिच्या जिभेला लावतात आणि ट-ने सुरू होणाऱ्या शब्दांत कुजबुजतात की आईचा हातच तसा, तू मनावर घेऊ नको. गुळाच्या ओळीपाशी त्यांनी गूळ चाटवला. केस कापा म्हणाली होती, त्या ओळीवर पोहोचले त्या दिवशी ते न्हाव्याकडे गेले आणि परत येऊन तिच्यासमोर मान वळवून उभे राहिले. मुंगीच्या ओळीपाशी त्यांनी तिचा पाय झाडला. आठ महिन्यांपूर्वीच ती मुंगी निघून गेली होती. त्यांनी तरीही झाडला. सतरा एप्रिलच्या चौदा ओळींना त्यांनी चौदा वेळा उत्तर दिले. 'आणली'साठी ते "टाणलीआ" म्हणू लागले तेव्हा चुकले, कारण स्वराने सुरू होणारे शब्द त्या भाषेत बदलत नाहीत, हा तिचाच नियम. ती असती तर म्हणाली असती, "नापास! आठवीच पास ना तुमी?" त्यांनी चूक सुधारली. "आनलं, टुलाफ. टरीघ आनलं."

कधी शब्द लवकर जुळला नाही, तर ते फोन घेऊन त्या जुन्या पानात उत्तर टाकतात आणि 'उलटव' दाबतात. मग वाचून दाखवतात, पूर्वी सभेत वाचल्यासारखे वाचत, तसे.

एकवीस दिवसांनी ते अकराशे बेचाळिसाव्या ओळीपाशी आले. दुपार होती. ज्योत्स्ना नागपुरास परत गेली होती. खिडकीतून ऊन पंचफुलेच्या उशीवर आले होते. गळ्यावरचा पांढुरका पट्टा आता नाहीसा होत आला होता.

भुलले का?

हे उत्तर त्यांना तोंडपाठ होते. तरी त्यांनी ते पानात टाकले, कारण यानंतर उत्तर देण्यास ओळ उरणार नव्हती, आणि त्यांना थोडा उशीर हवा होता. त्यांनी बटण दाबले, आणि जे आले ते तिच्या कानाशी वाचले. मग दोन बोटे तिच्या गळ्यावर, जेथे पट्टी असे तेथे, अलगद ठेवली आणि वाट पाहिली. बोटांना नाडी लागत होती. नाडीखेरीज काही लागत नव्हते. उन्हाची तिरीप उशीवरून भिंतीवर गेली, तरी त्यांनी बोटे काढली नाहीत.

मांडीवरच्या फोनमधला पोपट अजूनही चौकटीच्या कोपऱ्यात पंख उचलून थांबला होता.

"वाहवा! अजून एक होऊन जाऊ द्या!"

"होय," गुणवंतराव म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.